निरोप्या

“सांग रे त्यांका—” इतकं म्हणून सुमंगला थांबली. वाक्य पुढं जायचं होतं. चहा झालाय, पोयीचा पाव गरम आहे तोवर खाऊन घ्या, असलंच काही साधं त्यात असणार. पण ते ओट्यापाशी अडखळलं आणि तिथंच राहिलं. कृष्णनाथ टेबलाशी कदेलीवर, जुन्या लाकडी खुर्चीवर बसला होता. त्यानं सवयीनं खाली पाहिलं, कदेलीच्या मागच्या पायाजवळ, जिथं रोज सकाळी ह्या वेळी उंडो बसलेला असे, शेपूट पायांभोवती गुंडाळून, कचेरीतल्या जुन्या शिपायासारखे अर्धवट डोळे मिटून. तिथं आता नुसती फरशी होती. सुमंगलाही तिकडेच पाहत होती. दोघांनी एकाच वेळी त्या रिकाम्या फरशीकडे पाहिलं, दुसऱ्यानंही पाहिलं हे दोघांना कळलं, आणि मग नजर कुठं ठेवावी ते दोघांनाही कळेना. शेवटी तिनं कप टेबलावर जरा जोरात ठेवला, जणू त्या आवाजानंच उरलेलं वाक्य पुरं व्हावं, आणि ती बाल्कनीत गेली. चहावर साय धरेपर्यंत कृष्णनाथ तसाच बसून राहिला. बोका गेल्याचं दुःख कालपासून होतंच. पण ते दुःख कसं असतं ते त्याला ठाऊक होतं, त्यानं आईबाप पोचवले होते. हे वेगळं होतं. आपण माडीवर असताना कुणीतरी खालून जिना काढून नेला आहे, असं काहीतरी.

उंडो काल गेला. म्हातारा झाला होता, गेले काही दिवस पाण्याच्या वाटीपाशी नुसताच बसून राहायचा. दुपारी रिक्षा करून दोघांनी त्याला नार्व्याला नेलं, कृष्णनाथच्या मूळ गावी, नदीकाठच्या बागायतीत. सुमंगलानं आपल्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात त्याला गुंडाळलं होतं. खड्डा कृष्णनाथनं खणला. माती ओढताना त्याला दम लागला तेव्हा तिनं न बोलता पाण्याची बाटली पुढं केली आणि त्यानं न बोलता घेतली. जाता-येता कुणी एक शब्द काढला नाही, आणि त्या वेळी ते शोभूनही दिसलं. रिक्षावाल्याला वाटलं असेल, दुःखात आहेत बिचारी. गप्प बसण्याचं खरं कारण त्याला कुठून माहीत असणार? ती दोघं नवराबायको एकमेकांशी बोलतच नसत. बोलत ती उंड्याशी.

पाळी गावच्या खाणीवर कृष्णनाथ हजेरी-कारकून होता. खाणी बंद पडल्या तेव्हा तो घरी बसला, आणि त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत नुकता लागलेला त्याचा एकुलता एक मुलगा साईश, तोही घरी बसला. दोन पुरुष दिवसभर डिचोलीच्या त्या दोन खोल्यांत एकमेकांच्या पायात यायचे. मग एके दिवशी साईशनं सांगितलं की तो पोर्तुगालचा पासपोर्ट काढतोय. मांद्र्या-पेडण्याची कितीतरी पोरं तशीच इंग्लंडात जाऊन पोचली होती, कुणी गोदामात, कुणी विमानतळावर कामाला लागली होती. आजोबाचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला असला की वाट मोकळी होती. पण तो आजोबा म्हणजे कृष्णनाथचा बाप बाबुराव. बाबुराव सत्याग्रहात पकडला गेला होता, आग्वादच्या तुरुंगात राहिला होता, आणि मरेपर्यंत त्याला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, कारण त्या कानावर एका पाकल्या, गोऱ्या पोर्तुगीज शिपायानं दंडुका हाणला होता. लहानपणी कृष्णनाथ बापाशी बोलायचं तर उजवीकडून जायचा. “ज्यांनी तुज्या आज्याचो कान फोडलो तांचो पासपोर्ट घेतलो तू?” तो म्हणाला. साईश म्हणाला, “बाबा, आज्याचो कान फुटलो त्याचां माका वायट दिसता. पण आज माझां पोट आसा मरे.” तेव्हा कृष्णनाथ म्हणाला, “गेलास तर मेलास असां समजतलों.” शब्द तोंडातून गेल्यावर तो स्वतःच दचकला, पण दचकलेला माणूस आणखी ताठ होतो. निघायच्या दिवशी तो आतल्या खोलीत जाऊन बसला, कडी लावून. साईशनं दार ठोठावलं. “बाबा, येतां हां.” कडी निघाली नाही. सुमंगला मुलाला पोचवायला दाबोळीच्या विमानतळावर गेली. परत आली ती न बोलणारी बाई होऊन.

साईशनं मागं ठेवलेलं पिल्लू तेवढं घरात राहिलं. पोदेराच्या, पाववाल्याच्या भट्टीमागं ते त्याला सापडलं होतं, गोल आणि तपकिरी, भट्टीतून आत्ताच काढलेल्या गोल पावासारखं. त्या पावाला उंडो म्हणतात, म्हणून हाही उंडो. मुलगा गेल्यावर दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज तेवढे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी सुमंगलानं ताट मांडलं आणि पायाशी घुटमळणाऱ्या पिल्लाला म्हणाली, “उंड्या, सांग रे त्यांका, जेवण वाढलां.” कृष्णनाथला वाटलं, आठवडाभराचा राग आहे, उतरेल. आपण तर काही मांजराशी बोलणार नाही, असंही त्यानं मनात ठरवलं. मग एकदा सकाळी वर्तमानपत्र आलं आणि चष्मा सापडेना. सगळं घर धुंडाळून झालं. शेवटी तो खाली, स्वतःच्या पायाकडे बघत, इकडंतिकडं कुणी नसल्याची खात्री करून म्हणाला, “उंड्या, तिका विचार, म्हजो चश्मो खंय आसा?” स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग आलं, “उंडो म्हणता, फ्रिजार बघा.”

उंडो म्हणता! ह्या दोन शब्दांनी घरात तिसरं माणूस आलं. पहिल्यांदा उंडो नुसता हमाल होता, इकडचं तिकडं नेणारा. हळूहळू त्याला मत फुटलं. उंडो म्हणता, पेजेला मीठ कमी. उंडो म्हणता, दाढी न करता बाहेर जाणारी माणसं त्याला बघवत नाहीत. जन्मात कधी विनोद न केलेला कृष्णनाथ, ज्याच्या हातून उभ्या नोकरीत फक्त ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ छापाची पत्रं उतरली होती, तो सकाळी वर्तमानपत्र उंड्याला मोठ्यानं वाचून दाखवू लागला आणि मधेच पदरच्या बातम्या घालू लागला. डिचोलीच्या बाजारात उंदरांचा मोर्चा. निवेदन स्वीकारायला मांजरांचा एकही प्रतिनिधी जागेवर नाही. मये तळ्यात बेडकांची निवडणूक, एका उमेदवाराचा आवाज बसला. वाचताना त्याचा कान स्वयंपाकघराकडे असे. तिकडं डावाचा आवाज थांबला की समजावं, बातमी पोचली. ती हसत नसे, निदान ऐकू येईल असं नाही. पण डाव थांबायचा, आणि ते थांबणं मिळवण्यासाठी तो रात्री पडल्या पडल्या दुसऱ्या दिवसाच्या बातम्या जुळवायचा. लग्नानंतरच्या चोवीस-पंचवीस वर्षांत त्यानं तिच्यासाठी असं काहीच जुळवलं नव्हतं. तेव्हा ती दोघं एकमेकांशी बोलत होती, आणि बोलत होती म्हणजे काय, तर गॅस संपला, वीज बिल आलं, साईशला ताप आहे.

दुपारी जेवणानंतर तो हॉलमध्ये सोफ्यावर आडवा व्हायचा, डोळे मिटून. सुमंगला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत किंवा नुसतीच बसायची, उंडो तिच्यासमोर पसरलेला. आणि ती त्याला सांगायची. हे निरोप नव्हते. मांद्र्याच्या किनाऱ्यावरचं तिचं लहानपण, बापाची होडी, रापणीचं जाळं ओढताना पुरुष म्हणायचे ती हाळी, ओल्या दोराचा वास. नार्व्याला नांदायला आली तेव्हा पहिलं वर्षभर तिला झोप लागत नसे, कारण न्हंय, तिथली नदी, आवाज करत नाही. “समुद्र कसो, रात्रभर जागो आसता रे उंड्या. आपणाक वाटता, कोणतरी आसा. न्हंय म्हणजे नुसतां काळां उदक.” कृष्णनाथ डोळे मिटून ऐकत राहायचा. त्याच नदीच्या काठावर, त्याच घरात, तिच्या शेजारीच तो झोपत होता तेव्हा, गाढ. त्याला कधी कळलं नव्हतं. कळायला ती बोलली नव्हती, का तिनं सांगितलेलं त्यानं ऐकलं नव्हतं? ते आता काही केल्या आठवेना. आपल्याच घरात चोरून ऐकणारा माणूस झाल्याची लाज वाटायची, आणि तरी दुपार चुकवू नये असंही वाटायचं. एखाद दिवशी डोळा खरोखरच लागला तर जाग आल्यावर काहीतरी हरवल्यासारखं व्हायचं.

ती गाणं रचते हेही त्याला उंड्यामुळेच समजलं. एका चवथीला, गणपतीत, बिल्डिंगमधल्या बायका खालच्या मजल्यावर फुगडी घालत होत्या. तो दुकानातून कापूर घेऊन वर येत होता, जिन्यावर थांबला. आतून सुमंगलाचा आवाज आला, सुरुवात करणारा, वरचा, आणि पाठोपाठ साऱ्या बायकांचा:

उंडो बोको मिशेचो,
निरोप्या माझ्या घराचो,
हंय सांगता, थंय सांगता,
पगार घेता दुधाचो!

बायका हसून हसून फिरत होत्या. म्हणजे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं! कृष्णनाथचे कान तापले. कापूर मुठीत घट्ट धरून तो वर आला, दार लावून घेतलं, उंड्याकडे रागानं पाहिलं. उंडो जांभई देत होता. थोड्या वेळानं, कुणी नसताना, कृष्णनाथ ती चाल पुटपुटू लागला. पुढं दरवर्षी चवथीला ती फुगडी व्हायची. नव्या ओळी जोडल्या जायच्या, दुसऱ्या बिल्डिंगीतल्या बायका ती शिकून गेल्या, आणि एकदा म्हणे पेडण्याला कुणाच्या घरी कुणीतरी ती म्हटली, उंडो कोण हे माहीतसुद्धा नसताना.

रागाचं काय झालं? तो विचार कृष्णनाथ करत नसे. एखाद्या जखमेवर धरलेली खपली कधी पडली ते कळू नये तसं झालं असेल, असं तो धरून चालला होता. रीत मात्र राहिली, आणि रीत इतकी गोड झाली की ती मोडायचं कुणाच्या मनात आलं नाही. रविवारी दुपारी इंग्लंडातून साईशचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. सुमंगला टेबलावर फोन डब्याला टेकून उभा करायची. कृष्णनाथ पलीकडच्या बाजूला बसायचा, फोनला दिसणार नाही असा. साईशसुद्धा त्याच रितीत शिरला होता. “उंडो खंय? उंडो दाखय. उंड्या, बाबांक सांग रे, हंय थंडी पडल्या, बोटां काळी जातत.” आणि कृष्णनाथ, “उंड्या, ताका सांग, हातमोजे घाल म्हणून.” लग्न केलं तेही साईशनं उंड्याला सांगितलं. मुलगी झाली, नाव सेजल ठेवलं, तेही.

आणि आता फरशी.

पुढचे दिवस विचित्र गेले. कृष्णनाथ घरात मुद्दाम पाय वाजवत चालायचा. पोदेराचा भोंगा रस्त्यावर वाजला की तो हवेत म्हणायचा, “पोदेर इलो वाटता,” आणि सुमंगला पिशवी घेऊन खाली उतरायची. पण हे बोलणं नव्हतं, हे घड्याळानं टोले द्यावे तसं होतं. एकदा ती फ्रिजचं दार उघडून फ्रिजलाच म्हणाली, “दूध संपलां.” कृष्णनाथनं वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यानं फ्रिजकडे पाहून काही म्हणायचा खरोखर प्रयत्न केला. पण फ्रिजला कान नव्हते. त्याच्यात वळून बघणारं, कंटाळणारं, आपण बोलत असताना मधेच उठून जाणारं काही नव्हतं. उंडो उठून गेला तर वाक्य सोडून द्यावं लागे, आणि किती वाक्यं ती दोघं त्याच्यामुळे बोलायची वाचली होती, हेही कृष्णनाथला आता दिसत होतं. रागाचं वाक्य अर्ध्यावर असताना त्यानं पाय वर करून स्वतःला चाटायला घेतलं की राग कुठल्या कुठं जायचा. दुपारी तो सोफ्यावर आडवा झाला, डोळे मिटले. उंबऱ्याशी सूप आपटल्याचा आवाज आला, तांदूळ सरकल्याचा आवाज आला. बाकी काही नाही. ती होती, दहा पावलांवर होती, श्वास ऐकू येत होता. मांद्र्याचा समुद्र मात्र बंद झाला होता. त्याला वाटलं, ही गेली तर किंवा आपण गेलो तर असंच असेल. आणि मग वाटलं, नाही, तेव्हा निदान समोर कुणी नसल्याची सोय असेल.

समोरच्या फ्लॅटमधली सुप्रिया भाजीची वाटी घेऊन आली. कोल्हापूरकडची पोरगी, तिचा नवरा राजेश डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. ती उंड्याला उंडूशेठ म्हणायची. दारातच तिचे डोळे भरून आले. “काकू, घर कसं सुनं सुनं वाटालंय ओ. आमच्या ह्यांच्या कंपनीत मांजरीनं पिल्लं घातल्यात. लई गोड हाईत. एक आणून देऊ काय?” कृष्णनाथ सोफ्यावर वर्तमानपत्र धरून बसला होता. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढं थांबली. आण म्हण, तो मनात म्हणाला, आण म्हण. सुमंगलानं फरशीकडे पाहिलं. मग म्हणाली, “नको गो.” “का ओ काकू? जीव रमंल.” “नको,” सुमंगला पुन्हा म्हणाली, आणि सुप्रियाच्या हातातली वाटी घेऊन आत गेली.

त्या ‘नको’नं कृष्णनाथला वेढलं. पिल्लू आलं असतं तर सगळं पुन्हा सुरू झालं असतं, हे तिला कळत नव्हतं थोडंच? कळत असून नको म्हणाली. म्हणजे तिला आता बोलायचंच नाही. इतकी वर्षं जे चाललं ते उंड्याच्या भिडेखातर. तो गेला, भीड संपली. का दुसरंच काही? तिला मधे कुणी नको आहे? हा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा जास्त घाबरला. समोरासमोर बोलायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची? तिला हाक काय मारायची? बायकोला हाक मारून किती काळ लोटला होता! तिचं नाव त्यानं मनातल्या मनात उच्चारून पाहिलं. सुमंगला. कुणा परक्या बाईचं नाव असावं तसं ते वाटलं, रेशनकार्डावरचं.

शनिवारी सकाळी काही न सांगता, म्हणजे सांगायला कुणी नव्हतंच, तो घराबाहेर पडला आणि चालत औद्योगिक वसाहतीत गेला. राजेशनं त्याला शेडच्या मागं नेलं. लाकडी फळ्यांच्या ढिगाआड पोत्यावर चार पिल्लं होती, आणि त्यांची हडकुळी आई कान टवकारून, डोळे मिटून पडली होती. “कुठलं पायजे काका? ह्यो पांढरा धरा, लई हुशार हाय,” राजेश म्हणाला आणि कुणी हाक मारली म्हणून आत गेला. कृष्णनाथनं पांढरं पिल्लू उचललं. ते मुठीएवढं होतं, पोट नगाऱ्यासारखं, आतलं काळीज सगळ्या अंगातून उडत होतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मग त्याला तोंडाशी धरून हळूच म्हणाला, “तिका सांग—” आणि पुढं काही येईना. काय सांग? त्याला जे सांगायचं होतं ते असल्या मुठीएवढ्या जिवाकडून पाठवण्याजोगं नव्हतं. पिल्लानं त्याचं बोट चावून पाहिलं. त्याला काही ठाऊक नव्हतं, ना मांद्रे, ना नार्वे, ना आतून लावलेली कडी. त्याला फक्त दूध हवं होतं. आपण एका नवजात पोराला आपल्या जुन्या चाकरीत लावायला निघालोय, असं कृष्णनाथच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची घाण वाटली. त्यानं पिल्लू पोत्यावर ठेवलं. आईनं डोळे न उघडता त्याला जवळ ओढलं.

रविवारी दुपारी फोन वाजला. सुमंगलानं तो डब्याला टेकून उभा केला, बटण दाबलं, आणि साईशचा आवाज घरात शिरला. “आई, बरी मगो? जेवलंय? उंडो खंय?” सुमंगला पदरानं तोंड पुसायला लागली. तिला वाटलं असेल, पुसून झालं की सांगू. पण पुसणं संपेना, आणि एकदम ती उठली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. “आई? आई, किते जालां?” टेबलावर फोन एकटाच बोलत राहिला. कृष्णनाथला तो दिसत नव्हता, फक्त मागची काळी पाठ दिसत होती. “आई!” आवाजात भीती होती. कुणाला तरी काहीतरी झालंय, आणि कुणाला, ते साईशला कळत नव्हतं. कृष्णनाथ उठला. कदेल उचलून टेबलाला वळसा घालून तो पलीकडे गेला आणि फोनसमोर बसला.

चौकटीत एक टक्कल पडू लागलेला, डोळ्यांखाली काळवंडलेला पुरुष होता. हा साईश. त्याच्या आवाजाला वय नव्हतं, म्हणून कृष्णनाथनं त्याला अजून तेवीसचाच धरला होता. तिकडूनही तसंच काही झालं असावं, कारण साईश नुसता बघत राहिला. 

“बाबा?”

“उंडो गेलो,” कृष्णनाथ म्हणाला. “सोमवारी. नार्व्याक नेऊन पुरलो आमी.”

“त्याका त्रास जालो?”

“ना. निजेत गेलो.”

साईशनं मान खाली घातली. मग चौकटीच्या खालच्या बाजूनं एक डोकं वर आलं, दोन वेण्या, पडलेला दात. सेजल. तिनं इंग्रजीत बापाला विचारलं, हा माणूस कोण? साईशनं एकदा फोनकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. तिला सांगायला त्याच्यापाशी शब्द तयार नव्हता. कधी लागलाच नव्हता. मुलगी फोनला नाक लावून कृष्णनाथकडे बघत राहिली, मग काहीतरी भराभरा बोलली. “किते म्हणता ती?” कृष्णनाथनं विचारलं. साईशचा आवाज चिरकला. “बाबा, ती म्हणता, हात दाखया.” कृष्णनाथला समजेना. त्यानं उजवा हात वर केला, पंजा उघडून, शिरा फुगलेला, अंगठ्यापाशी डाग पडलेला. “उंडोज हँड!” सेजल ओरडली आणि हसली. “डॅडी, उंडोज हँड!” तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. रविवारी दुपारी उंडो असायचा तो त्याच्याच मांडीवर. दाखव म्हटलं की सुमंगला फोन खाली वळवायची, आणि त्या पोरीनं जन्मापासून पाहिला होता तो बोका आणि त्याच्या पाठीवरून फिरणारा एक हात. तिच्या लेखी तो हात उंड्याचाच होता. कृष्णनाथनं हात खाली घ्यायचा विचार केला, पण पोर बघत होती, म्हणून तो तसाच धरून राहिला.

फोन बंद झाला. सुमंगला ओट्याशी पाठमोरी उभी राहून धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती.

“त्या दिवसा दार उघडूक होयां होतां,” ती म्हणाली.

कृष्णनाथनं खाली पाहिलं, सवयीनं. मग मान वर केली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे हे त्यालाच होतं.

“होय,” तो म्हणाला.

“तो मोप वेळ उभो होतो.”

“माका आयकूक येत होतां.”

नळ वाहत होता. इतक्या वर्षांत तिनं हे उंड्याकरवी कधी सांगितलं नव्हतं. पेजेतलं मीठ, समुद्र, फुगडी, सगळं आलं. हे तिनं बाजूला काढून ठेवलं होतं, कुणाच्या पाठीवर न लादता. खपली कधी पडलीच नव्हती. कृष्णनाथला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे, आणि सापडलं ते हे: “तू दाबोळेक गेलंय त्या दिवसा पिल्लू सकाळपासून रडत होतां. किते दिवचां तां माका कळेना. मागीर दुधात पोयी भिजवून—”

“माका ठावक आसा.”

“तू खंय घरात होतंय?”

“बशी सिंकात होती. न धुता टाकलेली.” तिनं नळ बंद केला. “म्हणून तर त्याच्याकडे सांगूक लागलंय.”

हे त्याच्यात उतरायला वेळ लागला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपल्याला टाळायला तिनं मांजर मधे धरलं; ते तर तिनं आपल्यापर्यंत पोचायला धरलं होतं.

“मगे माझ्याकडे कित्याक नाय?” त्यानं विचारलं.

“तुमी आयकला नसतात.” ती वळली. “उंड्याचां सगळां आयकलात.”

सोफ्यावरच्या त्या दुपारी! म्हणजे तिला माहीत होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, सरळ, आणि तिनंही नजर काढून घेतली नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची पांढुरकी छाया उतरली होती. हनुवटीखाली एक तीळ होता. तो आधीपासूनचा का नवा, त्याला सांगता आलं नसतं. हा चेहरा त्याच्या घरात म्हातारा झाला होता आणि तो खाली बघत बसला होता. रागवावं, रडावं, जवळ जावं, ह्यातलं काहीच त्याला जमेना. तिलाही जमत नव्हतं. ती पदराला हात पुसत राहिली.

“उद्या मासळेच्या बाजारात जातलात?” तिनं विचारलं.

“जातां.”

“इतकी वर्सां पेडवे नी वेळयोच हाडलीं, उंड्याक आवडतत म्हणून. आता तुमका आवडता ती हाडा.”

“बरां,” तो म्हणाला.

“खंयची आवडता तुमका?”

त्यानं तोंड उघडलं. एखादी मासळी असणारच. आई कुठली तरी मुद्दाम त्याच्यासाठी राखून ठेवायची, पानात वाढताना हसायची, ती कुठली? पाळीच्या खाणीवर डब्यात काय असायचं? त्यानं मनातल्या मनात डिचोलीचा बाजार टोपलीटोपलीनं पालथा घातला, इसवण, मोरी, तामशी, शेतकां, आणि प्रत्येक टोपलीपाशी त्याला आठवलं ते उंडो खायचा का नाही एवढंच. काहीही नाव घ्यावं आणि मोकळं व्हावं, असं एकदा वाटलं. पण ती पदर हातात धरून तशीच उभी होती, त्याच्याकडे बघत, उत्तराची वाट पाहत, आणि त्याला आठवेना.